‘आहे’ या एका शब्दावरून फुटलेली वाट

ऑक्टोबर 1529. जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि झुरिकचे धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. हेसचा शासक, लँडग्रेव्ह फिलिप याने दोघांना मुद्दाम बोलावलं होतं. त्याला प्रोटेस्टंटांची एकजूट हवी होती.

प्रश्न प्रभुभोजनाचा. भाकर हातात घेऊन येशू म्हणाला, हे माझं शरीर आहे. आता या ‘आहे’चा अर्थ काय? झ्विंग्लींच्या मते ‘दर्शवते’. भाकर ही खूण, आठवण. ल्यूथरने मेजावर खडूने येशूचे ते शब्द लॅटिनमध्ये लिहिले, वर मखमली कापड टाकलं आणि वाद पेटल्यावर ते बाजूला सारून अक्षरांवर बोट ठेवलं. आहे म्हणजे आहे!

गंमत बघा, समझोत्याच्या 15 कलमांपैकी 14 दोघांना मान्य झाली. पंधराव्यातही बरंचसं जुळलं, अडलं ते या ‘आहे’वर. पण मला हा हट्ट क्षुल्लक वाटत नाही. ख्रिस्त आपल्याजवळ कसा येतो, हाच तर त्यांच्या श्रद्धेचा गाभा होता.

झ्विंग्ली 1531 मध्ये काप्पेलच्या लढाईत मारले गेले. युरोपातल्या ल्यूथरन आणि (झ्विंग्लींच्या परंपरेतल्या) रिफॉर्म्ड चर्चेसनी एकमेकांच्या प्रभुभोजनाला अधिकृत मान्यता दिली, ती थेट 1973 च्या लॉयेनबर्ग करारात.