दुसरी जागा नसलेले बदक

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सगळी उपनगरे एका बेटावर आहेत, हे रोज लोकलने जाणाऱ्या फार थोड्यांच्या लक्षात असते. या बेटाचे नाव साष्टी. एके काळी त्यावर सहासष्ट गावे होती, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची. पूल झाले, रूळ आले आणि बेटपण विस्मरणात गेले.

भांडुपच्या उदंचन केंद्रामागे खाजणात हिवाळ्यात बदके पाहायला मी बरीच वर्षे जातो. थापट्या, तलवार बदक, चक्रांग हे सारे उत्तरेचे पाहुणे. हळदी-कुंकू बदक मात्र इथलेच, बारमाही. चोचीच्या टोकाला पिवळा आणि कपाळाजवळ तांबडा ठिपका. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी! ही बदके बेटावर दिसतात, पण ती ‘बेटावरची’ नव्हेत. एक डबके बुजले तर ती खाडीपलीकडे उरणला जातील, नाहीतर देशावरच्या एखाद्या धरणावर. या लेखाचा विषय आहे ते बदक असे कुठे जाऊ शकत नाही.

हे अंदमानी बदक. तपकिरी अंगाचे, पांढऱ्या गळ्याचे आणि डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले. अंदमान बेटे आणि त्यांच्या उत्तरेला म्यानमारच्या ताब्यातले ग्रेट कोको, एवढेच त्याचे जग. मराठी वाचकाला अंदमान ठाऊक असते ते सेल्युलर जेलमुळे. ते जेल बांधले जाण्याआधी, 1873 मध्ये, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम तिथे पक्षी गोळा करायला गेले आणि त्याच वर्षी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्यांनी या बदकाचे वर्णन छापले. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. तिचे पहिले अधिवेशन 1885 मध्ये मुंबईत गोवालिया टँकजवळ भरले. अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांशी मुंबईचा संबंध पुढेही राहिला. हुमायून अब्दुलअलींनी त्यांचा जो सविस्तर आढावा घेतला, तो 1964 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्येच आला.

या बदकाची दिनचर्या समजली की त्याची अडचण समजते. दिवसा ते समुद्रातल्या खडकांवर, खारफुटीच्या कडेला थव्याने विसावते. अंधार पडला की गोड्या पाण्याच्या दलदलीत आणि भाताच्या खाचरांत चरायला उतरते. पावसाळ्यात जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालते. म्हणजे त्याला निवांत किनारा, उथळ गोडे पाणी आणि म्हातारी झाडे हे तिन्ही हवे, आणि तेही एकमेकांपासून उडत जाता येईल इतक्या अंतरावर. डोंगराळ, जंगलांनी भरलेल्या बेटांवर सपाट ओलसर जमीन मुळातच कमी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना जमिनी दिल्या गेल्या, वस्त्या वाढल्या, रस्ते झाले. त्यांनाही हीच सपाट जमीन हवी होती. शिकार होतीच. गेल्या काही दशकांत या बदकांच्या ज्या मोजण्या झाल्या, त्यांचे आकडे काही शे ते हजाराच्या घरातले आहेत. गर्दीच्या वेळी दादरच्या एका फलाटावर याहून जास्त माणसे उभी असतात.

मग 26 डिसेंबर 2004 चा भूकंप आला, त्सुनामी आली. लाटेपेक्षा मला जमिनीची हालचाल अधिक विलक्षण वाटते. बेटे जणू एका बाजूला कलली. उत्तर अंदमानचा किनारा उचलला गेला, प्रवाळ उघडे पडले. दक्षिणेला पोर्ट ब्लेअरच्या परिसरात जमीन सुमारे मीटरभर खचली. सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली गेली ती कायमची. शेतकऱ्यांचे वाटोळे झाले. आणि काही वर्षांत त्याच बुडालेल्या शेतांवर अंदमानी बदके दिसू लागली. आज पक्षीनिरीक्षक हे बदक पाहायला जातात, ते प्रामुख्याने अशाच पाणथळीवर. जमिनीचा मूळ मालक ती भराव टाकून परत मिळवू पाहील, तर त्याला दोष कसा देणार? तरी भराव पडला की बदकांचे ताट गेले.

अशा पक्ष्यासाठी काय करता येते, याचा सर्वात बोलका धडा पॅसिफिकमधल्या लेसन बेटावर आहे. हवाई बेटांच्या रांगेतले हे बेट जेमतेम चार चौरस किलोमीटरचे. 1903 मध्ये तिथे ससे सोडले गेले. त्यांनी बेटाचा हिरवा पापुद्रा कुरतडून वाळू उघडी पाडली, आणि दहा वर्षांच्या आत तिथले लेसन बदक डझनभराच्या आसपास उरले. 1923 मध्ये शेवटचे ससे मारले, तेव्हा कुठे ते सावरले. त्याच बेटावरची पाणकोंबडीसारखी एक न उडणारी चिमुकली जात मात्र लेसनवरून नाहीशी झाली. ती आधीच मिडवे बेटावर नेऊन ठेवली होती, म्हणून तिथे जगली. पण दुसऱ्या महायुद्धात तिथे जहाजातून उंदीर उतरले आणि दोनेक वर्षांत तीही संपली. दुसरे घर दिले, दार उघडे राहिले. मिडवेवरचे उंदीर 1990 च्या दशकात संपवल्यावरच 2004 आणि 2005 मध्ये लेसनची 42 बदके तिथे सोडली गेली. ती भराभर वाढली. 2008 मध्ये साठलेल्या पाण्यातल्या जिवाणूंच्या विषाने दीडशेहून अधिक मेली. तरी वस्ती टिकली, आणि 2014 मध्ये 28 बदके कुरे नावाच्या तिसऱ्या बेटावर नेली गेली.

अंदमानात हा उपाय जसाच्या तसा चालणार नाही, असे मला वाटते. लेसनवर माणूस राहत नाही. इथे राहतो, आणि त्याला भात पिकवायचा आहे. इथले बदक अनेक बेटांवर आहेच. त्याला नेऊन सोडण्यापेक्षा आहे तिथे पोट भरू देणे महत्त्वाचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बदकाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. पण संरक्षण पक्ष्याला आहे. तो रात्री ज्या चिखलात चरतो, त्या चिखलाला आपोआप मिळत नाही.

आमच्या साष्टीवर खाडीचा काही भाग तरी सुदैवी ठरला. 2015 मध्ये 1690 हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित गुलाबी असतो, हजारोंनी येतो, वर्तमानपत्रात छान दिसतो. अंदमानचे तपकिरी बदक तेवढे भाग्यवान नाही. पण या अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांची अडीचशेहून अधिक एकर जमीन धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. तिथेही प्रश्न सिप्पीघाटासारखाच आहे: एका बाजूला घराची गरज असलेली माणसे, दुसऱ्या बाजूला ‘पडीक’ म्हटली गेलेली ओली जमीन. फरक इतकाच की भांडुपच्या थापट्याला पंख पसरून दुसरीकडे जाता येते.

सिप्पीघाटसाठी मला एक उपाय दिसतो. ज्यांची शेते बुडाली, त्यांना पाणी तसेच राहू देण्याबद्दल दरसाल मोबदला द्यावा, आणि रात्री उतरणाऱ्या थव्यांची मोजणीही त्यांच्याकडेच सोपवावी. त्या पाण्याखालचे बांध कुठून कुठे जातात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?