आईची प्रतिपिंडे, बाळाचे हृदय

पोटातल्या बाळाला आईकडून प्रतिपिंडे मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने ती त्याचे रक्षण करतात, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरेच आहे. पण हीच प्रतिपिंडे कधी बाळाला त्रासदायक ठरू शकतील का? कोविडच्या साथीत कोल्हापूरच्या डॉक्टरांपुढे हा प्रश्न उभा राहिला.

सप्टेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तेथील २० नवजात बाळे जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांतच आजारी पडली. त्यांच्यापैकी १८ जणांच्या हृदयावर परिणाम झालेला होता. कुणाच्या हृदयातील दर दुसरा विद्युतसंदेश वाटेतच अडत होता, कुणाचे हृदय पुरेसे रक्त ढकलू शकत नव्हते. ताप मात्र फक्त दोघांना होता. सगळ्यांच्याच रक्तात दाह दर्शवणारे पदार्थ वाढलेले होते. त्यांच्या आयांना पूर्वी कोविड झाला होता किंवा कोविडच्या रुग्णाशी त्यांचा संपर्क आला होता. बाळंतपणाच्या वेळी मात्र एकीलाही लक्षणे नव्हती.

मग बाळांना झाले काय? याचा धागा दोन प्रकारच्या प्रतिपिंडांत सापडतो. संसर्ग झाला की शरीर सहसा आधी आयजीएम प्रतिपिंडे बनवते. पाच घटक जोडून बनलेला हा रेणू मोठा असल्याने वार ओलांडू शकत नाही. आयजीजीचा रेणू लहान असतो. शिवाय वारेतील पेशींवरचे विशिष्ट ग्राहक त्याला धरून बाळाकडे पोचवतात. या २० पैकी १९ बाळांत कोविडविरोधी आयजीजी सापडले. आयजीएम एकाही बाळात नव्हते. म्हणजे ही प्रतिपिंडे आईकडून आलेली असणार.

मोठ्या मुलांत कोविडनंतर काही आठवड्यांनी अनेक अवयवांचा दाह होतो, हे एप्रिल २०२० पासून डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले होते. नवजात बाळांत आईची प्रतिपिंडे असाच दाह पेटवत असावीत, असा तर्क कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मांडला. याला जुना दाखलाही आहे. ल्युपससारख्या आजारात आईची काही प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या हृदयातील संदेशवहन बंद पाडू शकतात.

तरीही हा तर्कच आहे, सिद्धता नव्हे. साथीच्या काळात असंख्य निरोगी बाळांच्या रक्तातही असे आयजीजी होते. जंतुसंसर्गाने रक्तात विष पसरले तरी बाळ असेच दिसते, म्हणून ती शक्यता आधी तपासावी लागते. सर्व बाळांना स्टिरॉइड्स आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले. दोन बाळे दगावली. तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नसल्याने वाचलेल्यांत औषधाचा वाटा किती, हे यावरून सांगता येत नाही.

यावरून कुणी ‘प्रतिपिंडे वाईट’ किंवा ‘गरोदरपणी लस नको’ असा निष्कर्ष काढू नये. गरोदर मातांनी लस घेतली तर पहिल्या सहा महिन्यांत बाळाला कोविडमुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता कमी होते, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

वर्गात विचारण्यासाठी एक प्रश्न आम्ही सुचवतो. बाळाच्या रक्तात आयजीजी आहे, आयजीएम नाही. यावरून काय सांगता येते? आणि काय सांगता येत नाही? दुसऱ्या प्रश्नावर मुलांना जरा जास्त वेळ द्यावा.