वनवृक्षांच्या बियांचे स्वभाव

बांधावर, ओढ्याकांठीं किंवा वरकस जमिनींत देशी झाडें असावींत, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. त्याप्रमाणें कोणी बीं आणून टाकतातही. परंतु पावसाळा सरला तरी कोंब दिसत नाहीं, आणि मग जमिनीस किंवा पावसास दोष दिला जातो. बहुतेक प्रसंगीं दोष या दोहोंचाही नसतो. ज्वारी-हरभऱ्याचें बीं वर्षभर कणगींत राहतें व पेरलें कीं उगवतें. तोच नियम आपण रानच्या झाडांस लावतों, तेथें काम बिघडतें. वनवृक्षांच्या बियांचे स्वभाव भिन्न आहेत, व ते ओळखूनच पेरणीची वेळ ठरविली पाहिजे.

स्थूलमानानें या बियांचे दोन वर्ग करितां येतात. पहिला वर्ग अल्पायुषी बियांचा. जांभूळ, मोह व कडुनिंब हे त्यांतील आपल्या परिचयाचे वृक्ष होत. यांचीं फळें उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या आरंभीं पिकतात. जमिनींत ओल असतांनाच बीं रुजावें, अशी सृष्टीची योजना आहे. जांभळाचें बीं वाळलें कीं मेलें, असेंच समजावें. मोहाचें बींही फार दिवस टिकत नाहीं, आणि लिंबोळी साध्या रीतीनें ठेवल्यास थोड्याच आठवड्यांत तिची रुजण्याची शक्ति ओसरूं लागते. म्हणून पिकलेलीं फळें गोळा करून गर धुवून काढावा, बीं उन्हांत न घालतां सावलींत ठेवावें व आठवड्याच्या आंत पेरावें. जांभळाच्या एका बियांतून कधीं दोन-तीन रोपें निघतात. त्यांतील जोमदार तेवढें एक राखावें.

दुसरा वर्ग कठीण कवचाच्या बियांचा. हें बीं टिकतें पुष्कळ, पण कवचांतून पाणी आंत शिरल्यावांचून जागें होत नाहीं. बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्या खातात, आणि त्यांच्या बसण्याच्या जागीं सांपडणारें बीं चांगलें उगवतें. कारण पोटांतून जातांना कवच मऊ पडतें. असें बीं न मिळाल्यास पाणी उकळून चुलीवरून खालीं उतरावें, त्यांत बीं टाकावें व रात्रभर तसेंच राहूं द्यावें. चुलीवर ठेवून बीं शिजवूं मात्र नये. हिरड्याचें बीं बेहड्याच्या मानानें फार कमी व उशिरा उगवतें. तेव्हां तें दाट पेरावें व धीर धरावा.

सागाची गोष्ट अधिक अवघड आहे. त्याच्या फळावर लोंकरीसारखें आवरण असून आंत कठीण कवचाचे चार कप्पे असतात, आणि ते चारही क्वचितच भरलेले असतात. मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनीं १८४० नंतरच्या वर्षांत, हल्लीं केरळांत असलेल्या नीलांबूर येथें सागाची लागवड आरंभिली, तेव्हां प्रथम बीं रुजविण्याचीच मोठी अडचण पडली. पुढें चातू मेनन यांच्या देखरेखीखालीं ती लागवड यशस्वी झाली. शेतकऱ्यास जमण्याजोगा उपाय असा : फळें १२ तास पाण्यांत भिजवावींत, नंतर १२ तास उन्हांत वाळवावींत, आणि हा क्रम १० ते १४ दिवस चालवावा. मग पावसापूर्वीं गादीवाफ्यांत दाट पेरावें. वर्षाचें, अंगठ्याएवढ्या जाडीचें रोप झालें म्हणजे तें उपटून वरचें खोड दोन-तीन बोटें व खालचें मूळ वीतभर राखून छाटावें, आणि चांगला पाऊस पडल्यावर तेंच खुंट जमिनींत लावावें.

कोंब आला म्हणजे काम संपलें असें नव्हे. पहिल्या एक-दोन वर्षांत रोप आपलें बळ बहुतांशीं मुळांत घालतें. अंजनाचें रोप पहिल्या हंगामांत वर बोटां-दोन बोटांचेंच दिसतें, परंतु त्याचें सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खोल गेलेलें असतें. टेंभुर्णीचेंही तसेंच. अशा रोपांचा शेंडा उन्हाळ्यांत वाळतो व पावसाबरोबर बुडापासून नवा फुटतो. हें ठाऊक नसल्यामुळें जिवंत रोपें नांगराखालीं जातात. म्हणून शेंडा वाळला तरी रोप उपटूं नये. बुडाशीं साल नखानें किंचित् खरवडून पाहावी. आंत हिरवें असेल तर पुढचा पावसाळा येईपर्यंत वाट पाहावी.

पिशवींत वाढविलेल्या रोपांविषयीं एक सूचना. पिशवी लहान व रोप जुनें असेल, तर सोटमूळ तळाशीं वेटोळें घालतें आणि असें झाड पुढें वाऱ्यानें कलतें. लावतांना पिशवी पूर्ण फाडून काढावी व वेटोळें झालेलें टोंक छाटावें. बुडाभोंवतीं हातभर जागा तणरहित ठेवावी आणि गुरांपासून बोरी-बाभळीच्या कांट्यांचें कुंपण करावें.

महसूल खात्याच्या नोकरींत शेतांतील झाडांच्या नोंदी पाहण्याचा प्रसंग मला वारंवार येई. कागदावर झाड एका ओळींत मावतें. शेतांत तें उभें राहण्यास एक पिढी जाते, आणि बियाची वेळ एकदां हुकली कीं त्यांतील एक वर्ष फुकट जातें. तेव्हां सागाचें बीं पौष-माघांत, बाभूळ व अंजन यांचें वैशाखांत, आणि जांभूळ, मोह व लिंबोळी यांचें ज्येष्ठ-आषाढांत गोळा करावें. यांपैकीं शेवटचीं तीन बियाणें घरीं सांठवूं नयेत. तीं सरळ शेतांत न्यावींत.