रूट केलेला मोबाईल पूर्वस्थितीस कसा आणावा ?

स्मार्टफोनच्या सॉफ्टवेअरचा गाभा कारखानदार कुलुपबंद ठेवतो. तें कुलूप काढून सर्वाधिकार आपल्या हातीं घेणें, यास 'रूट करणें' म्हणतात. त्यांत स्वातंत्र्य आहे. परंतु संरक्षणाची भिंतही ढासळते. म्हणून अशा फोनवर बँकांचीं पुष्कळ ॲप्स चालत नाहींत. वेंगुर्ल्याच्या बाजारांत मोबाईलनें पैसे देणाऱ्या वडील मंडळींस ही अडचण लहान नव्हे.

केवळ 'फॅक्टरी रीसेट' केल्यानें रूट जाईलच असें नाहीं. त्यानें मुख्यतः आपली सामग्री पुसली जाते. खरा क्रम असा : प्रथम छायाचित्रें व दूरध्वनिक्रमांक अन्यत्र उतरून ठेवावेत. नंतर फोनचा नेमका मॉडेल-क्रमांक पाहून त्याचेंच मूळ सॉफ्टवेअर मिळवावें. गूगलसारख्या कंपन्या तें आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. एरव्हीं अधिकृत सेवाकेंद्रांत जावें. बॅटरी पुरेशी भरून, फोन संगणकास जोडून तें चढवावें. मध्यें तार काढूं नये. बूटलोडरचें कुलूप सर्वांत शेवटीं, मूळ सॉफ्टवेअर नीट चालल्यावरच लावावें. घाई केल्यास फोन निर्जीव होऊं शकतो.

इतकें करूनही सर्व खुणा पुसत नाहींत. सॅमसंगच्या 'नॉक्स' असलेल्या पुष्कळ फोनांत परकें सॉफ्टवेअर घालतांच एक सूक्ष्म फ्यूज उडतो. तो पुन्हां सांधत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, कुलूप काढण्यापूर्वींच विचार केलेला बरा.