शेवटचं अक्षर गिळू नका

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाईंगमध्ये मशीनच्या आवाजातून हाक येते, ‘सल्फाइड आण रे!’ ऐकणाऱ्यापर्यंत शेवटचा ‘ड’ पोचला का, ही काळजी मला दर वेळी वाटते.

सल्फर रंगातला काळा चढवायला सोडियम सल्फाइड लागतं. ब्लीचनंतर कापडात उरलेला क्लोरीन मारायला सोडियम सल्फाइट वापरतात. रिॲक्टिव्ह रंग सुतात बसावा म्हणून टाकतात ते सोडियम सल्फेट, म्हणजे ग्लॉबर सॉल्ट. तिन्ही नावांत ‘सल्फ’ तोच. सगळा फरक शेपटात. ‘आइड’मध्ये ऑक्सिजन नाही, ‘आइट’मध्ये त्याचे 3 अणू, ‘एट’मध्ये 4. सल्फेटवर ॲसिड सांडलं तर विषारी वायू सुटत नाही. सल्फाइडवर सांडलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासही कळेनासा होतो. त्यात माणूस दगावतो.

‘ट’ आणि ‘ड’ म्हणताना जीभ एकाच जागी लागते. घशावर बोट ठेवून दोन्ही म्हणून बघा: ‘ड’ला घसा थरथरतो, ‘ट’ला नाही. शब्दाच्या टोकाला ही थरथर आणखी पुसट होते. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे एकाच हौदापाशी काम करतात, त्यामुळे हे जास्तच जपायला हवं.

लांब नावांची भीती मात्र उगाच आहे. सोलापूरच्या बालाजी अमाइन्स कंपनीत डायमिथाइलफॉर्मामाइड बनतं. शाळेत समासाचा विग्रह करायचो, तसाच करा. डाय म्हणजे दोन. मिथाइल हा एका कार्बनचा गट. ‘फॉर्म’ आलं फॉर्मिक ॲसिडवरून. ते पूर्वी मुंग्यांपासून काढत आणि लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका. अमाइड हे अमोनियाच्या घराण्यातलं. फॉर्म अधिक अमाइड, फॉर्मामाइड. सूर्य अधिक अस्त, सूर्यास्त. देवनागरीत ही संधी डोळ्यांना लगेच दिसते. जीभ मात्र वेगळीकडे थांबते: डाय-मि-थाइल-फॉर्-मा-माइड. आधी अर्थाने फोडा, मग उच्चाराने. दोन-तीनदा म्हटलं की नाव तोंडात बसतं.

डाईंगमालकांना एक विनंती. पिंपावर नाव मोठ्या देवनागरीत, तुकडे पाडून लिहा: सल्फ-आइड, सल्फ-आइट, सल्फ-एट. शेवटचा तुकडा लाल रंगात रंगवा, आणि मागणाऱ्याने पूर्ण नाव घेतल्याशिवाय पिंप उघडू नका.