दुपट्याचा भाव काढताना

मागच्या दोन बैठकांत तीन-चार जणींनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. "ताई, मला गोधड्यांचं काहीतरी सुरू करायचंय." कुणाला बाळाची दुपटी करायची आहेत, कुणाला मोठ्या वाकळी. एकीने तर धंद्याचं नावसुद्धा ठरवून ठेवलंय, फक्त घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज गोधडीबद्दल बोलू या. शिवायची कशी, हे मी तुम्हाला काय सांगणार? माझा टाका माझ्या आईलाही कधी पटला नाही. मी बोलणार आहे भावाबद्दल, कारण आपल्या बायका अडतात त्या तिथेच.

आपल्याकडे गोधडी विकायची वस्तू नव्हती. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की ओसरीवर लुगडी पसरायची, शेजारणी सुई घेऊन यायच्या. आज तुझी, उद्या माझी. पैशाचा विषयच नसायचा. पद्धत फार चांगली होती. पण तिच्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की गोधडी फुकटात होते. लुगडं जुनं, वेळ रिकामा, खर्च काय तो दोऱ्याचा. विकायला बसलो तरी आपण हाच हिशेब धरतो, आणि घेणाराही तोच धरतो.

आमच्या एका गटातल्या ताईंनी तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं 350 रुपयांना विकलं. खूश होत्या. वरचं नवं सुती कापड मीटरभर, 90 रुपये. आतल्या आणि खालच्या थराला जुनी सुती साडी, तिचे 50. दोरा 30, पिशवी आणि इस्त्री मिळून 10. झाले 180. म्हणजे 170 रुपये सुटले. मी विचारलं, किती तास लागले? त्या म्हणाल्या, "तास कसले, बसल्या बसल्या केलं."

हे "बसल्या बसल्या" म्हणजे काय, ते एकदा वहीत लिहून पाहू असं आम्ही ठरवलं. पुढचं दुपटं त्यांनी घेतलं तेव्हा बसताना वेळ लिहायची, उठताना लिहायची. दुपारी भांडी झाल्यावर दीड ते अडीच. मध्येच नळाला पाणी आलं, वीस मिनिटं वजा. संध्याकाळी मालिका बघताना पाऊण तास. धाकट्याला ताप होता त्या दिवशी काहीच नाही. असं करत नऊ दिवसांत बारा तास भरले. जास्त वाटतात ना? पण अर्ध्या इंचावर ओळ घेतली तर तीन फुटांत 72 ओळी येतात. प्रत्येक ओळ तीन फुटांची. म्हणजे एका दुपट्यात 216 फूट धावदोरा, तोही हाताने. बारा तास लागणारच.

आता 170 रुपयांना बारा तासांनी भागा. तासाला 14 रुपये. खुरपणीला गेलो तर सहा तासांचे 300 धरू, म्हणजे तासाला 50. तोच दर लावला तर बारा तासांचे 600 झाले. मालाचे 180 धरून 780. त्यावर वीस टक्के नफा ठेवला तर 156. एकूण 936 रुपये. हा नफा चैनीचा नाही बरं का. एखादं दुपटं विकलं जात नाही, एखाद्याचा रंग उतरतो, बाजाराला जायचं एसटीचं भाडं असतं, ते सगळं यातून निघतं.

मी हा आकडा सांगितला की बैठकीत हशा होतो. "एवढ्याला आपल्या गावात कोण घेणार?" बरोबर आहे, नाही घेणार. म्हणून गावात विकायचं दुपटं वेगळं करायचं. ओळ एक इंचावर घ्या, टाके निम्मे होतात, काम सहा तासांवर येतं. 180 आणि 300, झाले 480. साडेपाचशेला दिलं तरी थोडं सुटतं. ऊब तेवढीच असते. बारीक टाक्याचं दुपटं मात्र प्रदर्शनासाठी ठेवा, तिथे टाका बघणारी माणसं येतात. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका अशाच जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, त्याला कवंदी म्हणतात. कडेकडेने शिवत मध्यापर्यंत जायचं, अशी त्यांची रीत. घरच्या पांघरुणासाठी होणारं ते काम आज शहरातली माणसं आवडीने विकत घेतात.

मला स्वतःला तिसरा रस्ता सगळ्यांत बरा वाटतो. आईच्या, आजीच्या साड्या घरोघरी कपाटात पडून असतात. टाकवत नाहीत, नेसवत नाहीत. अशा साड्या गिऱ्हाइकानेच आणून द्यायच्या आणि आपण फक्त शिलाई घ्यायची. मालात आपले पैसे अडकत नाहीत, आणि इथे कुणी "जुन्या कपड्याचे एवढे?" असं म्हणत नाही. निम्मे पैसे आधी घ्या. कापायच्या आधी साडी गिऱ्हाइकासमोर उलगडून दाखवा, कुठे विरली आहे ते दोघींनी बघा. आईची साडी आहे, नंतर वाद नको. दुपट्यासाठी असेल तर जर काढून टाका आणि पॉलिस्टर घेऊच नका, बाळाला घाम येतो. एक अगदी साधी गोष्ट सांगते: बसताना सुया मोजा, उठताना परत मोजा.

आता घरातलं बोलू. गोधडीला जागा लागते. पसरली की जेवायच्या वेळी उचलावी लागते, पाहुणे आले की उचलावी लागते, आणि "दोन रुपयांसाठी घरभर चिंध्या" हे ऐकावं लागतं. बाई शिवत बसली असेल तर ती रिकामीच आहे असं सगळे धरतात. चहा तिने ठेवायचा, दार तिने उघडायचं. दुकानात बसलेल्या माणसाला कुणी मधून उठवत नाही. तासांची वही इथे कामाला येते. त्या ताईंच्या घरात कापड कापायचं आणि थर लावायचं काम सासूबाई करत होत्या, त्यांचा हात चांगला आहे. वही सुरू झाल्यावर त्यांचेही तास लिहायचे ठरलं. पहिल्या महिन्यात तीन तास भरले. सुनेने 150 रुपये त्यांच्या हातावर ठेवले, तर त्या म्हणाल्या, "मला कशाला?" पण परत केले नाहीत. कमरेच्या पिशवीत ठेवले. आता दुपारी कुणी गप्पा मारायला आलं, तर सासूबाईच सांगतात, "तीन वाजता या, काम चाललंय." प्रत्येक घरात असंच होईल असं मी म्हणत नाही. काही घरांत वही दाखवूनही कुणी वळून बघत नाही. पण निदान आपल्याला स्वतःला कळतं, आपण काय देतोय ते.

नात्यातल्यांचं काय? नणंदेच्या बाळाला दुपटं द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. फक्त वहीत "आहेर" म्हणून लिहा, 780 रुपये. वर्षाअखेरीला बघा आहेर किती झाला. आणि जी मावशी "आपल्या माणसाकडून काय पैसे घ्यायचे" म्हणत चार दुपटी मागते, तिला तीन विकत आणि एक आहेर.

पैशांसाठी दोन डबे करा, एक घराचा, एक धंद्याचा. मुलीची फी धंद्याच्या डब्यातून दिली तर चिठ्ठी टाका. पुढच्या कापडाचे पैसे कुठे गेले, हे नाहीतर कळत नाही. मग "धंदा चालेना" असं आपण म्हणतो, आणि चालत तर असतो.

कर्जाची घाई करू नका. पहिल्या आठ-दहा दुपट्यांच्या मालाला 2,000 रुपये पुरतात, ते गटातूनच घ्या. आपल्या गटाचा दर महिना शेकडा दोन आहे. 400 च्या पाच हप्त्यांत फेडलं तर व्याज 40, 32, 24, 16 आणि 8, म्हणजे सगळे मिळून 120 रुपये. हे 120 सुद्धा भावात धरायचे. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज 50,000 पर्यंत मिळतं, पण ते घ्यायचं ऑर्डर हातात असेल तेव्हा. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कामं आहेत, त्यात शिंपीकाम आहे, गोधडी नावाने नाही. तुम्ही कपडेही शिवत असाल तर सेवा केंद्रात चौकशी करा. एका घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, तेवढं आधी घरात बोलून घ्या. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. सरकारी फी आहे असं सांगून कुणी हजार रुपये मागितले, तर आधार कार्ड परत घेऊन सरळ निघून या.

पुढच्या बैठकीला कापड आणू नका, सुई आणू नका. सात दिवसांचे तास लिहून आणा, शिवणाचे वेगळे आणि घरकामाचे वेगळे. मोबाईलमध्ये नको, वहीतच लिहा. मोबाईल दुपारभर पोरांच्या हातात असतो.