आबांची गाणी डिस्कवर होती, पण मराठीत नव्हती

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे बघा" आणि मागचा ट्रॅक्टरचा आवाज तेवढा काढून टाकला आहे.)

रेकॉर्डिंग वरवट बकालच्या घरातूनच आहे. सध्या काम घरून चालू आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आठवड्याला एक तरी फोन येतो. "भाऊ, पोराले लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" मग रॅम 8 की 16, एसएसडी केवढी, प्रोसेसर कोणता, यावर अर्धा तास जातो. माझं उत्तर ठरलेलं असतं. रॅम 16 घ्या, एसएसडी 512 घ्या, उरलेले पैसे खिशात ठेवा. पण आजवर मला एकानेही विचारलेलं नाही की त्या लॅपटॉपमध्ये जे लिहू ते वीस वर्षांनी वाचता येईल का.

हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. तो आमच्या आबांमुळे सुचला.

सीपीयू भंगारात चालला होता

माझे आबा भजनी मंडळात होते. पेटीही वाजवायचे आणि स्वतः गाणी रचायचे. अभंग, गौळणी, दोन-तीन भारुडं. 2004 साली मंडळाने ठरवलं की आबांच्या गाण्यांची पुस्तिका छापायची. गावातल्या एका डीटीपीवाल्या काकांनी सगळी वही टाईप केली, पुस्तिका निघाली, वाटली गेली. पुढे आबा गेले. वहीला वाळवी लागली. पुस्तिका कुणाकुणाकडे गेल्या ते कुणालाच सांगता येईना. आमच्याकडे एक उरली होती, तिचीही मधली पानं गायब.

गेल्या वर्षी काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. जुना सीपीयू भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्यांनी आईला निरोप पाठवला, "बुवांचं काम याच्यातच असंन, पोराले दाखवा एकदा."

सीपीयू घरी आला. बटण दाबलं, काही नाही. एसएमपीएस उडालेला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. पण मंडळी, हे लक्षात ठेवा: मशीन मेलं म्हणजे डेटा मेला असं नाही. आतली हार्ड डिस्क काढली, 40 जीबीची, जुन्या रुंद पट्टीच्या केबलवाली, म्हणजे आयडीई. अशा डिस्कला यूएसबीवर जोडणारा कन्व्हर्टर ऑनलाईन मिळतो. फक्त त्याच्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर येतो ना, ते बघून घ्या, कारण मोठ्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत.

आणखी एक. जुनी डिस्क चालू झाली की लगेच फोल्डर उघडत बसू नका. आधी अख्ख्या डिस्कची एक नक्कल काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. जो भाग वाचला जातो तो ते आधी उचलून घेतं आणि अडलेल्या जागी नंतर परत परत प्रयत्न करतं. मग जे काही करायचं ते नकलेवर करायचं. जुनी डिस्क किती तास चालेल याचा भरवसा नसतो.

नक्कल निघाली. फाईल सापडली, "भजन फायनल टू" नावाची. मी खूश.

"हे तं इंग्रजी दिसून राह्यलं"

फाईल पेजमेकरची होती. पेजमेकर 7 हे शेवटचं व्हर्जन, 2001 चं. त्यानंतर अडोबीने सगळा जोर इनडिझाईनवर दिला. पण आपल्याकडे लग्नपत्रिका, हँडबिलं, स्मरणिका पुढेही कितीतरी वर्षं पेजमेकरवरच निघत राहिल्या. अकोल्यात एका दुकानात अजून ते चालू आहे असं कळलं. तिथे जाऊन फाईल उघडली, आतला मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये काढून घेतला आणि घरी आलो.

लॅपटॉपवर उघडलं, आईला बोलावलं. आई चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "काहून रे, हे तं इंग्रजी दिसून राह्यलं."

खरंच इंग्रजी होतं. अर्थ नसलेली एबीसीडी, मध्ये स्लॅश, कंस, प्रश्नचिन्हं. आजच्या भागाचा खरा विषय इथून सुरू होतो.

इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. पडद्यावर जे दिसतं ते फॉन्टचं काम. फॉन्ट म्हणजे "या नंबराला हे चित्र काढ" अशी यादी.

जुन्या पद्धतीत एका फॉन्टला जास्तीत जास्त 256 घरं होती आणि त्यांतली महत्त्वाची इंग्रजीने आधीच व्यापलेली. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी जुगाड केला. घर इंग्रजीचंच ठेवलं, चित्र मराठीचं बसवलं. कृतीदेव फॉन्टचं उदाहरण घ्या. त्यात "मराठी" हा शब्द लिहायला ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच बटणं दाबायची. पडद्यावर "मराठी" दिसतं, कागदावर "मराठी" छापलं जातं. पण फाईलमध्ये काय साठतं? ई, जे, के, बी, एच. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा उतरतो आणि आईला दिसलं ते दिसतं.

ही बटणं कुठून आली? टाईपरायटरवरून. आपल्या भागात कितीतरी लोक रेमिंग्टन पद्धतीचं टायपिंग शिकलेले. त्यांची बोटं जिथे वळलेली तिथेच अक्षर ठेवलं, म्हणजे नव्याने शिकायला नको. टाईपरायटरसारखाच जागेचा काटकसरीपणाही केला. "भ" म्हणजे अर्धा भ आणि पुढे काना, अशी दोन बटणं. म्हणजे "भा" लिहायला काना दोनदा.

त्यातही प्रत्येकाची यादी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वेगळी, आकृती वेगळी, सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख वगैरे फॉन्ट वेगळे. एकाच्या फाईलला दुसऱ्याचा फॉन्ट लावला की भलतंच काहीतरी. वर्तमानपत्राला बातमी पाठवताना "फॉन्टपण सोबत पाठवा" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

मग युनिकोड नव्हतं का?

होतं ना! देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची. त्याच वर्षी आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही इस्की हे मानक काढलं, आयएस 13194. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी तर इस्कीच्याच आधीच्या, 1988 च्या रूपावरून घेतलेली. तिथे म चा नंबर 2350, ठ चा 2336, ळ चा 2355. हे नंबर जगातल्या प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक लॅपटॉपमध्ये तेच. कोणाच्या मालकीचे नाहीत, कोणत्या कंपनीबरोबर बंद पडणार नाहीत.

पण मानक असणं वेगळं आणि दुकानात पोचणं वेगळं. विंडोजमध्ये देवनागरीची सोय, मंगल फॉन्टसकट, विंडोज 2000 पासून आली. एक्सपीत सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागायची आणि मग ते सीडी मागायचं. आमच्या काकांकडे होतं विंडोज 98. वर पेजमेकरला युनिकोडची देवनागरी जमतच नव्हती. काकांचं गिऱ्हाईक कागद मागत होतं, कागद छान निघत होता. त्यांच्यासाठी कॉम्प्युटर म्हणजे चांगला टाईपरायटर. यात त्यांचा काडीचा दोष नाही. उलट त्यांनी वीस वर्षं डिस्क फॉर्मॅट केली नाही, हे आमच्यावर उपकार.

फॉन्ट सापडला, मग अडलं कुठे?

आता तुम्ही म्हणाल, फॉन्टही त्याच डिस्कवर असेल की. होता! तो टाकला आणि पडद्यावर आबांची गाणी उभी राहिली. आई रडली, खोटं कशाला सांगू. मावसभाऊ म्हणाला, "आता पीडीएफ काढ अन् ग्रुपवर टाक, झालं काम."

मी थांबलो. कारण दिसणं आणि असणं यात फरक आहे. त्या पीडीएफमध्ये "विठ्ठल" शोधलं तर सापडणार नाही, कारण आत विठ्ठल नाहीच, एफ आणि ओ आहेत. ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली तर परत कचरा. फोनला वाचून दाखव म्हटलं तर तो एबीसीडी वाचणार. मोठ्या अक्षरात हवं असेल, दुसरा फॉन्ट हवा असेल, तर सगळं परत टाईप करा. ती पीडीएफ म्हणजे आबांच्या गाण्यांचा फोटो झाला असता. फोटो असायला हरकत नाही, पण मला गाणी हवी होती.

मग पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. या अक्षराच्या जागी ते अक्षर, बस. तीन रविवार गेले.

पहिली अडचण वेलांटीची. "वि" लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी येते, व नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी व, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनानंतर ठेवायची, आणि तिथे जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडून. रफाराचं बरोबर उलटं. "धर्म" मध्ये जुन्या पद्धतीत रफार म नंतर, युनिकोडमध्ये र् आधी आणि म नंतर. शिवाय शीर्षकांसाठी काकांनी नक्षीदार वेगळा फॉन्ट वापरलेला, त्याची यादी वेगळी. तिथे प्रोग्रामने जे केलं ते दाखवण्यासारखं नाही.

शेवटी 43 पैकी 41 गाणी स्वच्छ झाली. दोन गाण्यांमध्ये काही शब्द लागेचनात. तेव्हा आई म्हणाली, मंडळातल्या म्हाताऱ्या तात्यांना विचार. तात्यांना आता नीट दिसत नाही. मी वाचत गेलो, ते डोळे मिटून ऐकत होते. अडलो त्या जागी त्यांनी चालीवर म्हणूनच दाखवलं. एका ठिकाणी तर मला बरोबर वाटलेला शब्द त्यांनी दुरुस्त केला, "तुह्या मशीनचं चुकलं बाप्पा, इथं 'ळ' पाहिजे." मी पाहिलं, खरंच चुकलं होतं. माझ्या प्रोग्रामची चाचणी तात्यांनी घेतली.

तात्या आहेत म्हणून हे झालं. पाच-सात वर्षांनी केलं असतं तर कुणाला विचारलं असतं?

तुमच्या घरात काय आहे ते आजच बघा

लॅपटॉप पाच-सात वर्षांचा सोबती. डिस्क थोडी जास्त. कंपनी, फॉन्ट, सॉफ्टवेअर यांचा भरवसा नाही. टिकतो तो साधा युनिकोड मजकूर. म्हणून एवढं करा.

पहिलं, जुनी मराठी फाईल किंवा पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर निवांत राहा. कचरा दिसला तर ती फाईल मुखवट्याची आहे.

दुसरं, अशी फाईल असेल तर फॉन्टचं नाव लिहून ठेवा आणि फॉन्टची फाईलही जपून ठेवा. नेहमीच्या फॉन्टसाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात. पण जमिनीचे कागद, कोर्टाचे कागद अनोळखी वेबसाईटवर चिकटवू नका.

तिसरं, फाईल नसून छापील प्रत असेल तर फोनने नीट उजेडात फोटो काढा. गूगल लेन्स मराठी बऱ्यापैकी ओळखतं. पण नंतर माणसाने वाचून तपासायचंच. ळ-ल, ष-प यात मशीन हमखास फसतं.

चौथं, प्रती तीन ठेवा. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाईन किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह कपाटात दहा वर्षं ठेवून निर्धास्त राहू नका, नुसत्या पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतला चार्ज हळूहळू उतरतो.

आणि हो, हसू नका जुन्या लोकांवर. आज आपण काय करतो? ग्रामपंचायतीची नोटीस फोटोत, पाककृती रीलमध्ये, आत्याच्या ओव्या व्हॉइस मेसेजमध्ये, आणि उरलेली मराठी इंग्रजी अक्षरांत. वीस वर्षांनी यातलं काय शोधून सापडेल? फोनमध्ये मराठी कीबोर्ड फुकट आहे, मुक्तासारखे सुंदर फॉन्ट फुकट आहेत. काकांकडे ही सोय नव्हती. आपल्याकडे आहे.

आबांची पुस्तिका परत छापली. यावेळी तात्यांसाठी एक प्रत मोठ्या अक्षरात काढली, फॉन्टचा आकार बदलायला दहा सेकंद लागले. थोडं दिसतं त्यांना त्यात.

तुमच्याकडे अशी एखादी न उघडणारी मराठी फाईल असेल तर फॉन्टचं नाव कळवा, पुढच्या भागात तीच घेऊन बसू. भेटू मग. राम राम!